ग्राम्य म्हणजे कोणाचे?

दलित कवितेवरील उत्तरात विद्यार्थी हमखास लिहितात, ‘भाषा ग्राम्य असली तरी परिणामकारक आहे.’ त्या ‘असली तरी’मध्ये सारे आले. एकाने मला वर्गात विचारले, “सर, ग्राम्य म्हणजे ग्रामीणच ना?” नव्हे. ग्रामीण हा शब्द ठिकाण सांगतो. ग्राम्य हा ठपका आहे, आणि तो फार जुना आहे.

आठव्या शतकाच्या सुमारास वामनाने काव्यातील दोष सांगताना ग्राम्य शब्दाची व्याख्या केली : जो केवळ लोकांच्या तोंडी आहे, शास्त्रात आलेला नाही, तो. अकराव्या शतकात मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त जवळपास तीच भूमिका घेतली. ही व्याख्या नीट वाचली पाहिजे. शब्द शिवराळ असावा लागतो, असे तिच्यात कोठेही नाही. त्यासाठी ‘अश्लील’ हा दोष वेगळा सांगितला आहे. कमरेला ‘कटि’ म्हणणेदेखील मम्मटाला ग्राम्य वाटले! म्हणजे शब्दाचा अर्थ वाईट म्हणून नव्हे, तो लोकांचा म्हणून दोषी. (आमच्या वस्त्या तर गावकुसाबाहेर. ग्राम्य म्हणवून घेण्याइतकेही गावाने आम्हांला आत घेतले नव्हते.)

मम्मट एक सवलत मात्र देतो. बोलणारा अधम प्रकृतीचा असेल, तर ग्राम्यता हा गुण ठरतो. हलक्या पात्राने तसे बोलावे, रसिकाने मजा घ्यावी. ते पात्रच उद्या कवी झाले तर काय, हा प्रश्न त्या शास्त्रापुढे नव्हता.

मराठीपुढे तो १९७२ साली नामदेव ढसाळांच्या ‘गोलपीठा’ने रोखठोक उभा केला. त्या संग्रहाला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. न कळलेल्या शब्दांचे अर्थ त्यांनी कवीलाच विचारले, आणि ते प्रांजळपणे लिहिले. मला ही गोष्ट मोलाची वाटते. शब्द कळला नाही ही वाचकाची उणीव आहे, शब्दाचा दोष नव्हे, हे तेथे मान्य झाले. पुढे १९७८ साली दया पवारांनी पुस्तकी ‘बलुते’ बाजूला ठेवून बोलीतले ‘बलुतं’ थेट मुखपृष्ठावर छापले.

‘ग्राम्य’ लिहिलेल्या उत्तराचे गुण मी कापीत नाही. समासात विचारतो : कोणता शब्द? तुमच्या घरी तो कोणी बोलते का?