रोज डोके दुखणारे मूल आणि आपण



साखर कामगारांच्या संघटनेत उभे आयुष्य गेलेल्या माणसाने डोकेदुखीवर बोलायला उभे राहावे, हे आपल्यापैकी पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. मी वैद्य नव्हे, डॉक्टर नव्हे. शाळा माझी सातवीतच सुटली. पुढे जे काही शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात. तथापि गेली तीन वर्षे आमच्या धाकट्या मुलीच्या निमित्ताने या विषयाचा पिच्छा मला पुरवावा लागला. जे वाचले ते डॉक्टरांना विचारून पडताळून घेतले. ते, आणि घरात चुकत चुकत जे उमगले तेही, आपल्यापुढे ठेवतो.

चुकीपासूनच सुरुवात करतो. गळीत हंगामाचे दिवस होते. रात्रपाळीच्या लोकांशी बोलून मी पहाटे घरी आलो. सात वाजले तरी मुलगी अंथरुणातून उठेना. भिंतीकडे तोंड करून, डोक्याला ओढणी आवळून पडली होती. त्या महिन्यात असे किती वेळा झाले याची मोजदादही राहिली नव्हती. मी म्हणालो, "परीक्षा जवळ आली की बरं तुझं डोकं दुखतं! हा कामचुकारपणा बरा नव्हे, पोरी." ती एवढेच म्हणाली, "आण्णा, मी खोटं बोलत नाही हो."

हे वाक्य मी पूर्वी कितीदा तरी ऐकले होते. कमरेत उसण भरलेला कामगार साहेबाच्या टेबलापुढे उभा राहून अगदी हेच म्हणतो. ज्या दुखण्यात रक्त येत नाही, सूज दिसत नाही, ते खोटे ठरवण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, असे मी तीस वर्षे साहेबलोकांना विचारत आलो. आणि घरात मीच साहेब होऊन बसलो होतो.

हे दुखणे म्हणजे अर्धशिशी. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शिरोरोगांचे अकरा प्रकार सांगितले आहेत, त्यांत 'अर्धावभेदक' हा एक. मायग्रेन हा शब्दही 'अर्धी कवटी' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आलेला आहे. परंतु मुलांच्या बाबतीत हे नावच घोटाळा करते. मोठ्या माणसाचे पुष्कळदा एका बाजूचे डोके ठणकते. मुलांचे कपाळ दोन्ही बाजूंनी दुखते आणि वेदनेचा झटकाही कधी कधी दोन तासांतच ओसरतो. म्हणून आपण म्हणतो, ही कसली अर्धशिशी! उजेड सहन न होणे, भांड्याचा आवाज घणासारखा वाटणे, मळमळ, उलटी, जिना चढताना ठणका वाढणे, ही तिची खरी ओळख. काहींना दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमचमत्या रेघा दिसतात. काहींना आदल्या दिवसापासून जांभया येतात आणि मान आखडते.

आपल्याकडे उलटी झाली की लगेच 'पित्ताचे डोके' असा निकाल लागतो. आमच्या घरीही कोकम सरबत, मोरावळा, सगळे झाले. वस्तुस्थिती उलटी आहे. झटका मेंदूत सुरू होतो आणि मळमळ हा त्याचाच एक भाग असतो. चेहऱ्याकडून आणि मेंदूच्या आवरणांकडून संवेदना वाहून नेणारी एक मोठी मज्जातंतूंची जोडी आहे. ती चेतवली गेली की तिच्या टोकांतून काही द्रव्ये सुटतात आणि वेदनेची वर्दी जोराने जाऊ लागते. ज्याची मज्जासंस्था जन्मतःच हळवी, त्याची ही घंटा लवकर वाजते. हा हळवेपणा बहुधा घराण्यातून येतो. माझ्या आईला 'सणक' येत असे आणि ती अंधाऱ्या माजघरात जाऊन पडे, हे मला मुलीच्या डॉक्टरांनी विचारले तेव्हा आठवले. झटक्यात पोटाचे कामही मंदावते, त्यामुळे उशिरा घेतलेली गोळी पोटातच रेंगाळते. चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा, त्यात तोटा नाही. पण असल्या डोकेदुखीचे मूळ क्वचितच चष्म्यात सापडते.

हा आजार दुर्मीळ तर मुळीच नाही. शेजारच्या कर्नाटकात घरोघर जाऊन प्रौढांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. वर्षभरात अर्धशिशी झालेल्यांचे प्रमाण शेकडा २५ निघाले. लहानपणी मुलगे आणि मुली यांत फारसा फरक नसतो. वयात आल्यावर मुलींचे प्रमाण बरेच वाढते, आणि पुष्कळींना पाळीच्या आगेमागे झटका येतो. येथे एक कडू गोष्ट सांगतो. आमच्या नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी सल्ला दिला की हे बाहेर बोलू नका, उद्या स्थळे यायची आहेत. अशाने मुलगी दुहेरी भार वाहते, एक दुखण्याचा आणि एक लपवण्याचा. आज मी हे भरसभेत बोलतो आहे ते तिला विचारून, तिच्या संमतीने.

आता 'रोज' या शब्दाकडे येऊ. महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस डोके दुखते, असे तीन महिन्यांहून अधिक काळ चालते, आणि त्यांतले निदान आठ दिवस अर्धशिशीच्या लक्षणांचे असतात, तेव्हा डॉक्टर तिला जुनाट अर्धशिशी म्हणतात. मूल या थराला का पोचते? कारणे अनेक आहेत, परंतु एक कारण आपल्या घरातल्या फळीवरच असते, आणि त्यावर मी थोडा रेंगाळणार आहे.

डॉक्टरांनी पहिल्या भेटीत विचारले, महिन्यातून किती दिवस दुखते आणि किती दिवस गोळी घेता? मी म्हणालो, "पुष्कळ दिवस." ते हसले आणि म्हणाले, "कामगारांच्या थकबाकीचा हिशेब व्यवस्थापनाला असाच देता काय?" मला लाज वाटली. घरी आलो, एक जुने कोरे मस्टर काढले आणि मुलीच्या हाती दिले. रोज एक ओळ: किती वाजता झोपली, नाश्ता झाला की नाही, दुखणे दहांपैकी किती, शाळेला गेली का, गोळी कोणती, पाळी. महिनाअखेर बेरीज केली तेव्हा गोळीच्या रकान्यात वीसावर खुणा निघाल्या. काही आम्ही दिलेल्या, काही शेजारणीकडून आणलेल्या, काही तिने गुपचूप दुकानातून घेतलेल्या.

साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, आणि दोन-तीन औषधे एकत्र केलेली, कॅफीन घातलेली गोळी दहा किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांवर घेत राहिले तर ती गोळीच डोकेदुखी वाढवू लागते. दुखते म्हणून गोळी आणि गोळीमुळे दुखणे. सावकाराच्या व्याजासारखा हा फेरा आहे. उपाय म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती गोळी थांबवणे. त्यानंतरचे काही दिवस, कधी आठ-दहा दिवससुद्धा, दुखणे वाढते. संपाचा पहिला आठवडा कसा जातो हे येथे बसलेल्या कामगारबंधूंना सांगायला नको. त्या आठवड्यात मुलीची आई दोनदा रडली आणि मी एकदा फळीकडे हात नेला होता.

याचा अर्थ गोळी वाईट, असा कृपा करून घेऊ नये. झटक्याच्या सुरुवातीलाच, मुलाच्या वजनाप्रमाणे ठरवून दिलेल्या पुऱ्या मात्रेत पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन दिले तर चांगला उपयोग होतो. आपण नेमके उलटे करतो, आधी 'सोस थोडे' म्हणतो आणि उलट्या सुरू झाल्यावर अर्धी गोळी देतो. आठवड्यातून दोन दिवसांपेक्षा अधिक नाही, अशी आम्हाला घालून दिलेली मर्यादा आहे. अ‍ॅस्पिरिन मात्र सोळा वर्षांखालच्या मुलांना डॉक्टरांच्या सांगण्यावाचून देऊ नये.

रोज घ्यायची, झटके कमी करणारी औषधेही आहेत. त्यांच्याविषयी अमेरिकेत एक मोठा प्रयोग झाला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. आठ ते सतरा वर्षांच्या मुलांचे तीन गट केले. एकाला अमिट्रिप्टिलिन, दुसऱ्याला टोपिरामेट आणि तिसऱ्याला औषध नसलेली नुसती गोळी. डोकेदुखीचे दिवस निम्म्यावर आले अशी मुले अनुक्रमे शेकडा ५२, ५५ आणि ६१ निघाली. म्हणजे नुसत्या गोळीचा गट मागे पडलाच नाही! हे वाचून 'सगळे मनाचेच खेळ' असे कोणी म्हणेल, तर ते बरोबर नाही. कोणी विश्वास ठेवला, नियमाने विचारपूस केली, बरे होण्याची आशा दिली, की मुलाची मज्जासंस्था खरोखरच सावरते, असा मी त्याचा अर्थ घेतो. याआधी २०१३ साली जुनाट अर्धशिशीच्या १३५ मुलांवरचा अभ्यास आला होता. त्यात औषधाबरोबर ज्यांना दुखण्याशी जुळवून घेण्याचे पद्धतशीर शिक्षण दिले, त्यांच्यातली शेकडा ६६ मुले निम्म्यावर आली. औषध आणि नुसती माहिती मिळालेल्यांत शेकडा ३६.

हे शिक्षण म्हणजे काही गूढ विद्या नव्हे. सावकाश पोटाने श्वास घेणे, खांदे, जबडा, मूठ हे स्नायू आवळून ढिले सोडणे, 'आता माझे वर्ष बुडाले' असा विचार आला की तो तपासून पाहणे, आणि दुखत असतानाही दिवसाची थोडी कामे चालू ठेवणे. यातली शेवटची गोष्ट आईबापांना फार अवघड जाते. आम्ही दर तासाला विचारत होतो, "आता कसं वाटतंय?" यावरही २००६ साली एक प्रयोग झाला आहे, तो पोटदुखीच्या मुलांवर. आईबापांनी दुखण्याकडेच लक्ष दिले तेव्हा मुलांच्या तक्रारी जवळजवळ दुप्पट झाल्या. दुसऱ्या गोष्टीत मन गुंतवले तेव्हा निम्म्या झाल्या. आणि मुलांनाही दुसरेच वागणे अधिक आवडले. तेव्हापासून आमच्या घरी विचारायचे नाही असा ठराव आहे. तिला मदत हवी असेल तर ती दार लोटून घेते, आम्ही समजतो. मस्टर रात्री एकदाच भरायचे.

दिनचर्येत मोठे पथ्य म्हणजे नियमितपणा. रविवारीही त्याच सुमारास उठणे, न्याहारी न चुकवणे, पाणी, रोज थोडे चालणे, झोपण्याआधी तासभर मोबाईल दूर. मुलगी गुरुवार करीत असे. निर्जळी उपवासाने झटका हमखास येई. तिच्या आजीनेच ती मोडता घातला, म्हणून निभावले. आषाढात तुकोबांची पालखी अकलूजला येते, त्या दिवशी रिंगण पाहायला ती टोपी घालून, खाऊन-पिऊन जाते. आणखी एक आपल्याकडचे कारण: मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी डोक्यावरून न्हाल्यामुळे अर्धशिशी उठणाऱ्या ९४ भारतीय रुग्णांची नोंद २००६ साली प्रसिद्ध केली. लांब केस ओलेच बांधून बाहेर पडणाऱ्या आपल्या मुलींच्या आयांनी हे ध्यानात ठेवावे. मात्र निषिद्ध गोष्टींची भली मोठी यादी करून मुलाचे जिणे नकोसे करू नये. ज्याचा संबंध मस्टरमध्ये वारंवार दिसतो, तेवढेच टाळावे.

शाळेचा प्रश्न सर्वांत बिकट. एका शिक्षकांनी वर्गात 'नाटक' हा शब्द वापरला, तेव्हा माझ्यातला संघटक जागा झाला होता. पण भांडून मुलीला त्याच वर्गात बसायचे होते. मला नारायण मेघाजी लोखंडे आठवले. १८८४ साली गिरणी कामगारांच्या वतीने त्यांनी जे मागितले त्यात आठवड्याची एक सुट्टी होती आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती. मोजके, स्पष्ट, देता येईल असे. मी मुख्याध्यापकांना डॉक्टरांच्या चिठ्ठीसह लेखी अर्ज दिला: खिडकीच्या झळाळीपासून दूरची जागा, बाकावर पाण्याची बाटली, उन्हातल्या कवायतीतून सूट, झटका आला तर अर्धा तास अंधाऱ्या खोलीत पडण्याची मुभा आणि त्यानंतर घरी न पाठवता पुन्हा वर्गात. त्यांनी एक बाब सोडून सगळे मान्य केले. कवायतीतून सूट नाही, पण ती सावलीत उभी राहील. तडजोड चांगली होती. सुरुवातीला ती दोनच तास शाळेत बसे, मग चार, मग पूर्ण दिवस. मूल घरी जितके दिवस राहते तितकी शाळेची पायरी उंच होत जाते, म्हणून पूर्ण रजा घेऊन ठेवू नये.

काही लक्षणे मात्र मस्टरमध्ये लिहीत बसण्यासारखी नव्हेत. क्षणात कमाल तीव्रतेला पोचलेली डोकेदुखी, तापाबरोबर मान ताठणे, फिट, हातपाय लुळे पडणे, बोलणे किंवा दृष्टी बिघडणे, डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे, झोपेतून उठवणारे आणि पहाटेच्या उलट्यांसह दिवसेंदिवस वाढत जाणारे दुखणे; यांपैकी काहीही दिसले तर त्याच घडीला रुग्णालय गाठावे. आणि मूल गप्प होत चालले, जेवेनासे झाले, जगण्याला कंटाळल्याची भाषा करू लागले, तर तेही तितकेच तातडीचे. सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६. आम्ही तो स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवला आहे.

मुलगी बरी झाली का, असे सभेनंतर आपण विचारणारच. गेल्या महिन्यात मस्टरमध्ये नऊ खुणा आहेत. दहावीच्या गणिताच्या पेपराला सकाळीच डोके उठले. तिने न्याहारी केली, गोळी वेळेवर घेतली आणि शाळेकडे चालू लागली. दुपारी आली ती दार लोटून झोपली. मी काही विचारले नाही. रात्री तिने मस्टर काढले, दुखण्याच्या रकान्यात सहा लिहिले, आणि शेजारी लिहिले: पेपर पूर्ण.