‘यूव्ही’ लॅम्प घेताय? आधी आकडा विचारा!

घरी इग्वाना किंवा बिअर्डेड ड्रॅगन आणायचा प्लॅन आहे? की रूमवर आधीच एक छोटं स्लायडर कासव मुक्कामाला आलंय? मग त्याच्या टाकीसाठी दिवा, होल्डर, वायर शोधत तुम्ही कधीतरी इतवारीत फिरणारच. इथे घासाघीस कशी करायची, ते नागपूरकरांना शिकवावं लागत नाही. फक्त या वेळी भाव विचारण्याआधी एक प्रश्न विचारा, ‘दादा, हा यूव्ही किती नॅनोमीटरचा?’

एक नाव, तीन दिवे

सरपटणाऱ्या प्राण्यांना हाडांसाठी कॅल्शियम लागतं आणि ते पचवायला डी-३ जीवनसत्त्व. ते त्वचेत तयार होतं यूव्ही-बी किरणांमुळे, म्हणजे साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर. हे मिळालं नाही, तर हाडं ठिसूळ होतात, जबडा मऊ पडतो, कासवाची पाठ वाकडी होते. लक्षणं दिसेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं.

आता गंमत बघा. पार्टीतली जांभळी ‘ब्लॅक लाइट’ आणि नेलपेंट वाळवायचा लॅम्प, दोन्हींवर ‘यूव्ही’च लिहिलेलं असतं. पण ते यूव्ही-ए. त्यातून डी-३ मिळत नाही. पाण्याच्या फिल्टरमध्ये जंतू मारणारी ट्यूबही ‘यूव्ही’च. ती मात्र २५४ नॅनोमीटरची, यूव्ही-सी. ती टाकीवर लावली तर प्राण्याचे डोळे आणि कातडी भाजेल, तुमचेही डोळे सुटणार नाहीत. स्वस्त मिळाली म्हणून ती अजिबात घेऊ नका. पाकिटावर ‘यूव्ही-बी’ आणि ‘रेप्टाइल’ हे दोन्ही शब्द नसतील, तर पुढच्या दुकानात चला.

बरोबर ट्यूब घेतली तरी दोन गोष्टी विसरू नका. साधी काच यूव्ही-बी जवळजवळ सगळं अडवते, म्हणून ट्यूब आणि प्राणी यांच्यामध्ये काच नको. आणि सहा महिने ते वर्षभरात ट्यूबमधलं यूव्ही-बी कमी होतं, उजेड मात्र तसाच दिसतो. लावल्याची तारीख ट्यूबवरच मार्करने लिहून ठेवा.

गरमीचं गणित नागपूरचं

इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले थंड देशांतल्या लोकांचे असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तर डिसेंबर २०१८ मध्ये तो ३.५ अंशांवर उतरला होता. एकच बल्ब बाराही महिने कसा चालेल?

बिअर्डेड ड्रॅगनला ऊन खायच्या जागी साधारण ४० अंश लागतात आणि टाकीच्या दुसऱ्या टोकाला २५ च्या आसपास. स्लायडरला ऊन खायच्या दगडावर ३२ ते ३५ अंश पुरतात. म्हणून हॅलोजन बल्ब एकाच कोपऱ्यात लावा, म्हणजे प्राण्याला गरम वाटलं की सरकायला जागा राहील. थर्मोस्टॅट नसेल तर बल्ब घ्यायची घाई करू नका. उन्हाळ्यात खोलीच तापलेली असते. तेव्हा गरमीचा बल्ब बंद ठेवा, यूव्ही-बी चालू आणि खोलीत कूलर. हिवाळ्याच्या रात्री उजेड न देणारा सिरॅमिक हीटर वापरा, कारण प्राण्यालाही झोप लागते. होल्डर चिनी मातीचा घ्या, प्लास्टिकचा वितळतो.

फुकटचा दिवा

सगळ्यात चांगला यूव्ही-बी दिवा गच्चीवर आहे, आणि तो फुकट आहे! सकाळच्या कोवळ्या उन्हात अर्धा तास जाळीच्या पिंजऱ्यात ठेवा. अर्ध्या भागावर सावली हवी, पाणी हवं आणि तुम्ही तिथेच हवं. काचेची टाकी मात्र उन्हात कधीच ठेवायची नाही. ती काही मिनिटांत भट्टी होते.

आणण्याआधी हे बघा

तारा कासव किंवा आपल्या तलावातलं मऊ पाठीचं कासव पाळणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. ‘कुणाला सांगू नको’ म्हणत कोणी विकत असेल तर वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. इग्वानासारखा विदेशी प्राणी ‘साइट्स’ यादीत येतो, त्याची ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी लागते. आणि कंटाळा आला म्हणून स्लायडर गांधीसागर तलावात सोडून देऊ नका, तो तिथल्या देशी कासवांची जागा आणि खाणं बळकावतो.

खरेदीचा क्रम असा ठेवा: आधी थर्मामीटर, मग थर्मोस्टॅट, मग यूव्ही-बी ट्यूब, मग गरमीचा बल्ब. प्राणी सगळ्यात शेवटी. पॉकेटमनी मधेच संपला, तर प्राणी पुढच्या वर्षी आणा. बिअर्डेड ड्रॅगन दहा वर्षं जगतो, स्लायडर वीस-तीस. तुमची डिग्री तीन वर्षांचीच आहे.