आधी नगरपरिषदेचा ठराव, मग देशाचा कायदा

नगरपालिकेचे काम म्हणजे पाणी, रस्ते, गटारे आणि दिवाबत्ती. अण्वस्त्रांसारख्या मोठ्या प्रश्नाशी तिचा काय संबंध? असे कोणालाही वाटेल. पण न्यूझीलंडच्या सामान्य नागरिकांनी या लहानशा दारावरच टकटक केली आणि पुढे सगळ्या देशाचे धोरण बदलले.

भीती दाराशी आली

प्रशांत महासागरातील मुरुरोआ येथे फ्रान्सने १९६६ ते १९७४ या काळात अणुबॉम्बच्या उघड्यावर चाचण्या केल्या. त्यानंतर त्या जमिनीखाली सुरू राहिल्या. न्यूझीलंडच्या बंदरांत अमेरिकेच्या अणुशक्तीवर चालणाऱ्या युद्धनौकाही येत असत. जहाजावर अण्वस्त्रे आहेत की नाहीत, हे अमेरिका सांगत नसे. १९७६ पासून लोक लहान लहान होड्या घेऊन या अजस्र जहाजांची वाट अडवू लागले. परंतु ज्यांच्याजवळ होडी नव्हती, त्यांनी काय करावे?

घरापासून सुरुवात

याचे उत्तर लॅरी रॉस यांनी शोधले. मूळचे कॅनडाचे असलेले रॉस क्राइस्टचर्च शहरात राहत. १९८१ मध्ये त्यांनी अण्वस्त्रमुक्त क्षेत्र समिती स्थापन केली. मार्ग अगदी सोपा होता. आधी आपले घर अण्वस्त्रमुक्त जाहीर करायचे आणि तशी पाटी लावायची. मग शाळा, चर्च, कामाची जागा. त्यानंतर शेजाऱ्यांच्या सह्या गोळा करून नगरपरिषदेकडे जायचे आणि तसा अधिकृत ठराव मागायचा. १९८१ मध्येच ऑकलंडजवळच्या डेव्हनपोर्टने असा ठराव केला. १९८२ मध्ये क्राइस्टचर्चनेही केला.

नुसता कागदच?

या ठरावांना कायद्याचे बळ नव्हते, हे खरे. संरक्षण आणि परराष्ट्र धोरण केंद्र सरकारच्या हाती. नगरपरिषदेच्या ठरावाने युद्धनौका थांबणार नव्हती. पण बॉम्ब पडलाच तर जखमींची, पाण्याची, बेघरांची व्यवस्था शेवटी गावालाच पाहावी लागते. मग गावाने बोलायचे नाही, हे कसे?

शिवाय प्रत्येक ठरावामागे सह्या होत्या, घरोघरी झालेल्या चर्चा होत्या. निवडून आलेल्या प्रत्येक सदस्याला सर्वांसमोर हात वर करून आपले मत सांगावे लागे. १९८४ पर्यंत देशातील निम्म्याहून अधिक लोक अशा अण्वस्त्रमुक्त गावांत आणि शहरांत राहत होते. एवढ्या मतदारांकडे कोणता पक्ष पाठ फिरवील?

किंमत मोजली

जून १९८४ मध्ये सत्ताधारी पक्षाच्याच खासदार मॅरिलिन वेरिंग या प्रश्नावर सरकारच्या विरोधात गेल्या. पंतप्रधान मल्डून यांनी तातडीने निवडणूक जाहीर केली आणि ते हरले. नवे पंतप्रधान डेव्हिड लाँगी यांच्या सरकारने १९८५ च्या सुरुवातीला ‘ब्यूकॅनन’ या अमेरिकी युद्धनौकेला प्रवेश नाकारला. त्याच वर्षी १० जुलैला ऑकलंड बंदरात फ्रेंच हेरांनी ग्रीनपीसचे ‘रेनबो वॉरियर’ हे जहाज सुरुंग लावून बुडवले. त्यात छायाचित्रकार फर्नांडो परेरा यांचा मृत्यू झाला. १९८६ मध्ये अमेरिकेने न्यूझीलंडच्या संरक्षणाची जबाबदारी आपण मानत नसल्याचे जाहीर केले.

तरीही लोक डगमगले नाहीत. ८ जून १९८७ रोजी अण्वस्त्रमुक्तीचा कायदा संमत झाला. १९९० मध्ये विरोधी नॅशनल पक्षानेही हे धोरण मान्य केले. सरकारे बदलली, पण कायदा आजही कायम आहे.

आपल्यासाठी धडा

१९८२ मध्ये हिरोशिमाच्या महापौरांनी पुढाकार घेऊन सुरू केलेल्या ‘शांततेसाठी महापौर’ या संघटनेत आज जगातील ८,००० हून अधिक शहरे आहेत. अनेक ठिकाणी असा जाहीरनामा समारंभापुरता निघतो आणि नंतर भिंतीवर धूळ खात पडतो. न्यूझीलंडमध्ये तसे झाले नाही, कारण ठराव मिळाल्यावर लोक घरी जाऊन बसले नाहीत. ते पुढच्या गावाच्या मदतीला गेले. शांतता केवळ मोठ्या राजधान्यांत ठरत नाही. शेजाऱ्याची एक सही मिळवण्यापासूनही तिची सुरुवात होऊ शकते.