आखूड केस वाढवताना : कात्री आपल्याच हाती असावी

आजार बरा होतो, टाके सुकतात, रक्ताचे अहवाल ठीक येतात, तरी घरातील वृद्ध स्त्री डोक्यावरचा पदर खाली घेत नाही. लग्नकार्याचे निमंत्रण आले की ती काही ना काही सबब सांगते. तपासणी संपवून उठताना, दाराशी पोहोचल्यावर, अगदी हळू आवाजात एक प्रश्न येतो : ‘‘डॉक्टर, केस कधी येतील?’’ धाराशिव जिल्ह्यात इतकी वर्षे वैद्यकीय व्यवसाय करताना हा प्रश्न मी फार वेळा ऐकला आहे. बरोबर आलेले नातेवाईक बहुधा हसून म्हणतात, ‘‘या वयात केसांचे काय घेऊन बसलात!’’ या हसण्याला थोडे उत्तर द्यावे आणि त्या प्रश्नाला पुरेसे उत्तर द्यावे, यासाठी हा लेख.

केस आखूड होण्याची कारणे

उतारवयात केस आखूड आणि विरळ होण्याची कारणे अनेक आहेत. विषमज्वर, डेंग्यू, चिकुनगुन्या यांसारखा मोठा ताप, एखादी शस्त्रक्रिया किंवा मोठा रक्तस्राव यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीमुठीने गळू लागतात. रोगी घाबरतो, कारण तोवर ताप विसरला गेलेला असतो. मुळाशी मात्र तो तापच असतो. शरीरावर ताण आला की पुष्कळसे केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि सुमारे तीन महिन्यांनी गळून पडतात. ही गळती बहुतेकांत सहा महिन्यांच्या आत थांबते व केस परत येतात.

दुसरे कारण कर्करोगावरील औषधोपचार. आपल्या जिल्ह्याचा या विषयाशी जुना संबंध आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या आश्रयाने १९८७ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत बार्शीबरोबर आपले भूम आणि परंडा हे तालुकेही आहेत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीसंबंधी १९९९ पासून झालेला, जगभर दखल घेतला गेलेला अभ्यास याच जिल्ह्यातील खेड्यांत झाला. १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रिया त्यात सहभागी होत्या. आज उपचार पूर्ण करून घरी परतणाऱ्या स्त्रिया गावोगावी आहेत. केस घालवणारी औषधे ज्यांना दिली गेली, त्यांच्या डोक्यावर शेवटच्या मात्रेनंतर काही आठवड्यांतच मऊ लव दिसू लागते. हे पहिले केस पूर्वीपेक्षा बारीक, कधी कुरळे, कधी निराळ्या रंगाचे असतात. बहुतेकांत तो बदल हळूहळू निवळतो.

तिसरे कारण जट. न विंचरलेल्या केसांत घाम, तेल, कोंडा व धूळ साचून गुंता घट्ट होतो. त्यात दैवी असे काही नसते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी आजवर अनेक स्त्रियांचे मन वळवून त्यांच्या जटा उतरवल्या आहेत. मानेवरचे ओझे उतरते, मानदुखी कमी होते. पण नंतर आरशात दिसणारे आखूड, विरळ केस स्वीकारायला वेळ लागतो.

चौथे कारण मात्र आजाराचे नाही, आपल्या सोयीचे आहे. आजी अंथरुणाला खिळली, तिची वेणी घालायला वेळ नाही, म्हणून एके दिवशी तिला न विचारता तिचा बॉयकट केला जातो. ज्या पिढीच्या कानांवर केशवपनाच्या कहाण्या आहेत, तिला आखूड केस म्हणजे केवळ सुटसुटीतपणा वाटत नाही. काही समाजांत विधवेचे केस तिच्या इच्छेविरुद्ध उतरवले जात. १८९० मध्ये मुंबईतील नाभिक बांधवांनी सभा घेऊन हे काम आपण करणार नाही असा निर्धार केला, हा आपल्या सामाजिक इतिहासातील अभिमानाचा प्रसंग आहे. त्या निर्धाराचे सार आजही लागू पडते : ज्याचे डोके, त्याची संमती.

केस किती वेगाने वाढतात?

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. उतारवयात काहीसा कमीच. डोके पूर्ण मोकळे झाले असेल, तर सहा महिन्यांनी सहा सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे बॉयकटएवढे केस होतात. वर्षाने टाळूवरचे केस कानाशी येतात आणि ते मानेपर्यंत पोहोचून लहानसा अंबाडा बांधता यायला दोन वर्षे किंवा अधिक लागतात. हा हिशेब रोग्याला आधीच सांगावा. अपेक्षा वास्तवाला धरून असली की तेलांच्या जाहिरातींवर पैसा वाया जात नाही. रोज पन्नास ते शंभर केस गळणे हेही स्वाभाविक आहे; कंगव्यात केस दिसताच भिऊ नये.

कापल्याने केस दाट होत नाहीत

तुळजापूरला बाळाचे जावळ काढले की पुढचे केस दाट येतात, असे आपल्याकडे मानतात. जावळ ही श्रद्धेची बाब आहे, ती आपल्या जागी असू द्यावी. बाळाचे केस पुढे दाट होतात ते त्याच्या वाढत्या वयामुळे. अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्येच मोजमाप करून दाखवले की, वस्तऱ्याने केसाची जाडी वा वाढीचा वेग बदलत नाही. केसाचे मूळ त्वचेखाली असते. वर काय कापले याची त्याला वार्ता नसते. कापलेले टोक बोथट असल्यामुळे केस जाड भासतो, एवढेच. म्हणून ‘एकदा पूर्ण काढून टाका, दाट येतील’ हा सल्ला कोणत्याही वृद्धेने मानू नये.

मग वाढवायचे असताना कापायचे तरी कशाला? कारण सगळ्या डोक्यावरचे केस एकाच वेगाने वाढले, तरी त्यांना गाठायचे अंतर सारखे नसते. मानेवरचे केस चार-पाच महिन्यांतच ब्लाऊजच्या गळ्यावर लोळू लागतात. टाळूवरचे अजून कानालाही पोहोचलेले नसतात. परिणामी मागे शेपटी आणि वर विरळ झुडूप असे रूप दिसते. कंटाळून पुष्कळजणी याच टप्प्यावर पुन्हा सगळे केस कापून टाकतात आणि वर्षाची वाढ वाया जाते. उपाय सोपा आहे : मानेवरची कड तेवढी दोन-तीन महिन्यांनी थोडी कापावी, टाळूवरचे, बाजूचे आणि कपाळावरचे केस वाढू द्यावेत. वरचे केस खालच्यांना गाठेपर्यंत एवढेच धोरण ठेवावे.

तयारी

हे काम घरी, स्वतःच्या हाताने करता येते. त्यासाठी केस कापण्याची, शक्यतो बोथट टोकाची लहान कात्री घ्यावी. स्वयंपाकघरातील किंवा शिवणाची बोथटलेली कात्री बारीक केस कापत नाही, चिमटून चुरगाळते. बारीक दातांचा कंगवा आणि दोन आरसे, एक भिंतीवर व एक हातात, एवढे साहित्य पुरते. कात्री साबणाने धुऊन, कोरडी करून, स्पिरिटने पुसावी. दुसऱ्याचा वस्तरा किंवा पाते कधीही वापरू नये. कावीळ ‘ब’ आणि ‘क’ यांचे विषाणू रक्ताच्या सूक्ष्म अंशातूनही पसरतात.

न्हाणीघरात उभे राहून केस कापू नयेत. हात असलेल्या खुर्चीत, दिवसाच्या उजेडात, पाय जमिनीला टेकवून बसावे. जमिनीवर जुने वर्तमानपत्र पसरावे आणि काम झाल्यावर ते लगेच उचलावे, कारण फरशीवर पडलेल्या केसांवरून पाय घसरतो आणि या वयात मांडीचे हाड मोडायला तेवढे निमित्त पुरते. श्रवणयंत्र काढून ठेवावे. मान मागे किंवा खूप खाली वाकवू नये. अनेकांना तेवढ्याने चक्कर येते. मधुमेहींत खांदा जखडण्याचे प्रमाण अधिक असते. त्यांनी हात वर उचलून न धरता कोपर टेबलावर टेकवावे आणि दर दोन-तीन मिनिटांनी विसावा घ्यावा.

प्रत्यक्ष कृती

केस आदल्या दिवशी धुवावेत आणि कोरडे असतानाच कापावेत. ओला केस ताणला जाऊन लांब दिसतो. वाळल्यावर तो आखूड होतो आणि जास्त कापले गेल्याचे मग कळते. कूपनलिकेच्या जड पाण्यात साबणाचा थर केसांवर राहतो. म्हणून शेवटचे एक-दोन तांबे गाळलेल्या गोड्या पाण्याचे घ्यावेत.

मानेवरचे केस सरळ खाली विंचरावेत. मधली लहानशी बट तर्जनी आणि मधले बोट यांत धरावी, बोटे मानेला सपाट टेकवावीत आणि बोटांखाली जेवढी टोके बाहेर येतील तेवढीच कापावीत. मग डावीकडची, मग उजवीकडची बट. आरशात डावे-उजवे उलटे दिसते, म्हणून डोळ्यांइतकाच बोटांच्या स्पर्शावर भरवसा ठेवावा. जितके कापावेसे वाटते त्याच्या निम्मेच आधी कापावे. उरलेले नंतरही कापता येते.

कानाभोवती केस खाली विंचरून, कान बोटाने पुढे दुमडून, कानावर येणारी टोके तेवढी कापावीत. कपाळावरचे केस वाढवायचे असतील तर त्यांना कात्री लावूच नये. हलक्या चापाने किंवा हेअरबँडने मागे बसवावेत. घट्ट ओढून बांधू नयेत, सततच्या ताणाने कडेचे केस विरळ होतात.

बारीक केसांना सरळ, एका रेषेतली कड शोभते. टोके त्यामुळे भरीव दिसतात. पातळ करण्याची दातेरी कात्री आणि पायऱ्या-पायऱ्यांचा कट यांनी विरळपणा अधिक उघडा पडतो. तेल लावायचे तर चार थेंब पुरेत, जास्त तेलाने बारीक केस टाळूला चिकटतात. मशीन वापरायचे असेल तर आधी मोठ्या क्रमांकाची फणी लावून पाहावी.

ज्यांना रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत, त्यांनी मशीन किंवा कात्री वापरावी, उघडे पाते नको. कापलेच तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटे सलग दाबून धरावे. मधे उघडून पाहू नये. कर्करोगाचे उपचार चालू असताना पांढऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा वस्तरा पूर्णपणे टाळावा.

काळजी घेणाऱ्यांसाठी

हात थरथरत असतील, दृष्टी मंद असेल, तर मागची बाजू घरच्या माणसाने कापावी. पण आधी विचारावे, ‘‘आई, किती ठेवू?’’ आणि आरसा त्यांच्याच हातात द्यावा. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला कात्री आधी दाखवावी, स्पर्श करू द्यावी. ती बिथरली तर काम त्या दिवशी सोडून द्यावे. केस उद्याही कापता येतात.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे डोक्यामागचे केस गुंततात. थोडे खोबरेल लावून टोकांकडून मुळाकडे बोटांनी गुंता सोडवावा; न सुटणारी गाठ तेवढीच कापावी, सगळे केस नव्हे. त्याच वेळी डोक्याच्या मागची त्वचा पाहावी. पाठीप्रमाणे तेथेही दाबाने जखम होते आणि केसांखाली ती दिसत नाही.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

सहा महिन्यांनंतरही गळती थांबत नसेल, तर हिमोग्लोबिन, शरीरातील लोहाचा साठा आणि थायरॉइड यांची तपासणी करावी. थकवा, थंडी सहन न होणे, भुवयांची बाहेरची टोके विरळ होणे ही थायरॉइडची खूण असू शकते. चालू औषधांची यादीही दाखवावी, पण औषध स्वतःहून बंद करू नये. केसांसाठी म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तपासणीपूर्वी अवश्य सांगावे. त्यांच्यामुळे थायरॉइड आणि हृदयविकाराच्या काही तपासण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात. आहारात ज्वारीच्या भाकरीबरोबर डाळ, हुलगे, शेंगदाण्याची चटणी, दही, आणि चालत असल्यास अंडे असावे. भाकरी-चहावर दिवस काढणाऱ्या वृद्धांना महागडे तेल काय देणार?

गोल चाई पडणे, पापुद्रे सुटणे, महिनाभरात न भरणारी जखम यांसाठी वेळ दवडू नये. आणि एक लक्षण विशेष ध्यानात ठेवावे : पन्नाशीनंतर नव्याने डोके दुखू लागले, केस विंचरताना कानशिलाची त्वचा दुखते, चावताना जबडा दुखतो किंवा मधेच अंधुक दिसते, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. कानशिलाजवळच्या रक्तवाहिनीला सूज आल्याने असे होऊ शकते. हा विकार क्वचित आढळतो, पण उपचाराला उशीर झाला तर दृष्टी कायमची जाते.

वृद्धापकाळात माणसाच्या हातून एकेक गोष्ट निसटत जाते : शेत, चूल, पैशांचा हिशेब, एकट्याने बाहेर पडणे. आपले केस किती ठेवायचे हा निर्णय तरी आपल्या माणसांकडे राहू द्यावा. दोन-तीन महिन्यांतून एकदा उजेडात खुर्ची मांडावी, आरसा पुसून द्यावा, आणि गरज पडली तर हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावर बसून राहावे.