क्रॅप्स या फाशांच्या खेळातील मूलभूत पैजा : संभाव्यतेच्या दृष्टीने एक विवेचन

प्रस्तावना

वर्धा नदीच्या पैलतीरावरील कौंडिण्यपूर म्हणजेच प्राचीन विदर्भाची राजधानी कुंडिनपूर, असे परंपरा मानते. याच नगरीकडे रथातून निघालेल्या ऋतुपर्णाने वाटेतील बेहड्याच्या झाडाची पाने व फळे अंदाजाने मोजून सांगितली आणि नलाला 'अक्षहृदय' दिले, ही महाभारताच्या वनपर्वातील कथा सर्वश्रुत आहे. फाशांचे ज्ञान व गणनेचे ज्ञान ऋतुपर्णाजवळ एकत्र होते, ही बाब मात्र सहसा लक्षात घेतली जात नाही. प्रस्तुत लेखात पाश्चात्त्य कॅसिनोतील 'क्रॅप्स' या खेळाच्या प्रमुख पैजांचा याच अंगाने विचार केला आहे. महाराष्ट्रात १९७६ साली संमत झालेला कॅसिनोविषयक कायदा कधीच अंमलात आला नाही व २०२३ मध्ये तो रद्द करण्यात आला. त्यामुळे येथे हा खेळ केवळ अभ्यासाचा विषय ठरतो.

पैजांचे स्वरूप

दोन फासे टाकले असता ३६ समसंभाव्य निष्पत्ती मिळतात. त्यांपैकी ७ ही बेरीज सहा प्रकारे येते, तर २ व १२ प्रत्येकी एकाच प्रकारे. संपूर्ण खेळ या विषमतेवर उभा आहे.

'पास लाइन' ही मुख्य पैज होय. पहिल्या फेकीत ७ किंवा ११ आल्यास खेळाडू जिंकतो. २, ३ किंवा १२ आल्यास हरतो. अन्य कोणतीही बेरीज आल्यास ती 'पॉइंट' ठरते आणि ७ येण्यापूर्वी ती पुन्हा आली तरच पैज जिंकली जाते. जिंकल्यास लावलेल्या रकमेइतकाच नफा मिळतो. सर्व शक्यता एकत्र केल्यास विजयाची संभाव्यता २४४/४९५, म्हणजे सुमारे ४९.२९ टक्के येते. दर शंभर रुपयांमागे सरासरी १.४१ रुपये कॅसिनोकडे जातात.

'डोन्ट पास' ही याच्या उलट पैज. ती तंतोतंत उलट असती तर कॅसिनोलाच तोटा झाला असता. म्हणून पहिल्या फेकीत १२ आल्यास ही पैज बरोबरीत सोडविली जाते. एवढ्या एका तरतुदीने तोटा पुन्हा खेळाडूकडे येतो, तो १.३६ टक्के आहे.

पॉइंट ठरल्यानंतर लावता येणारी 'ऑड्स' ही जोडपैज विशेष उल्लेखनीय आहे. ४ हा पॉइंट असल्यास तो तीन प्रकारे व ७ सहा प्रकारे येतो. देय दरही रुपयास दोन रुपये असाच असतो. म्हणजे येथे कॅसिनोचा वाटा शून्य! अर्थात ही पैज मुख्य पैजेशिवाय लावता येत नाही आणि तिच्या रकमेवर मर्यादा असते.

याउलट 'एनी सेव्हन' ही एकाच फेकीची पैज. ७ आल्यास रुपयामागे चार रुपये नफा हा दर आकर्षक वाटतो. परंतु न्याय्य दर पाच रुपयांचा आहे. या एका रुपयाच्या फरकामुळे शंभरामागे १६.६७ रुपये जातात. तात्पर्य, देय दर मोठा असणे आणि पैज चांगली असणे यांचा परस्परसंबंध नाही.

झंडीमुंडी : एक स्थानिक तुलना

विदर्भात जुगाराच्या संदर्भात 'झंडीमुंडी' हे नाव परिचित आहे. सहा चिन्हांचे सहा फासे असतील, चिन्ह एकदाच आले वा आलेच नाही तर रक्कम बुडत असेल आणि दोन ते सहा वेळा आल्यास तितक्या पट नफा मिळत असेल, तर गणित असे : ४६,६५६ निष्पत्तींपैकी ३४,३७५ मध्ये खेळाडू हरतो व शंभरामागे सरासरी १३.८७ रुपये गमावतो. सहा फासे, सहा चिन्हे, तेव्हा आपले चिन्ह एकदा तरी यावेच, असे सामान्य मनुष्यास वाटते. सरासरीने ते एकदा येतेही. मात्र नियमाने नेमके तेच 'एकदा' बुडीत ठरविलेले आहे.

मागील दहा फेकींत ७ आला नाही म्हणून आता तो येणारच, हा समज आपल्या पदवी वर्गांतही आढळतो. फाशाला स्मृती नसते, हे फळ्यावर सांगून पटत नाही. विद्यार्थ्यांना दोन फासे देऊन, पैसे न लावता, पाचशे फेकींची नोंद करावयास लावावी आणि सलग दहा फेकींत ७ न आल्यानंतरची प्रत्येक फेक स्वतंत्र स्तंभात लिहावयास सांगावी. त्या स्तंभातही ७ साधारणतः सहांत एकदाच आढळेल.