'छत्तीसगड मित्र'चे माधवराव

रायपूर शहरात ज्यांचे बालपण गेले, त्यांना सप्रे शाळा आणि लाखेनगर ही दोन नावे वेगळी सांगावी लागत नाहीत. मात्र या दोन नावांमागील माणसे एकाच मासिकाने एकत्र आणली होती, आणि ते मासिक मराठी नव्हे तर हिंदी होते, हे अनेकांच्या ध्यानी नसते.

माधवराव सप्रे यांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी झाला. घरची भाषा मराठी. शिक्षण बिलासपूर व रायपूर येथे. पदवीधर तरुणाला त्या काळी सरकारी नोकरीचे दार सहज उघडत असे. माधवरावांनी त्या दाराकडे पाठ फिरवली आणि पेंड्रा संस्थानच्या राजकुमाराचे शिक्षक होणे पत्करले. तेथूनच जानेवारी १९०० मध्ये 'छत्तीसगड मित्र' हे मासिक निघाले. संपादक सप्रे व रामराव चिंचोलकर, तर प्रकाशनाचा भार वामन बळीराम लाखे यांच्यावर. तिघेही मराठी भाषक. पेंड्र्याला छापखाना नसल्याने छपाई रायपूरला होई; पुढे ती नागपूरला गेली.

ज्या मुलखात वाचकच घडवायचा होता, तेथे तीन मराठी तरुणांनी मायबोलीचा आग्रह न धरता लोकांची भाषा निवडली, ही गोष्ट लहान नव्हे. नव्या पुस्तकांची परखड आणि सविस्तर समीक्षा हे या मासिकाचे वैशिष्ट्य ठरले. हिंदीत समीक्षेची परंपरा अद्याप रुजायची होती. ती रुजवणाऱ्यांत सप्रे अग्रभागी होते.

१९०१ साली याच मासिकात त्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा प्रसिद्ध झाली. हिंदीतील पहिल्या कथेचा मान काही अभ्यासक तिलाच देतात. जमीनदाराने बळकावलेल्या झोपडीतील टोपलीभर माती एक विधवा चुलीसाठी मागते आणि टोपली उचलायला त्यालाच हात लावण्याची विनंती करते. ती त्याला उचलवत नाही. मग या साऱ्या जमिनीचे ओझे जन्मभर कसे पेलणार, असा तिचा साधा प्रश्न. तारण आणि जप्ती हे शब्द रोज हाताळणाऱ्यांनी ही कथा अवश्य वाचावी.

वर्गणीदार मात्र पुरेसे मिळाले नाहीत. तोटा सोसून तीन वर्षे चाललेले मासिक डिसेंबर १९०२ मध्ये बंद पडले.

सप्रे थांबले नाहीत. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या शास्त्रीय परिभाषाकोशासाठी अर्थशास्त्राचे शब्द त्यांनी सिद्ध केले. हिंदीत पैशाचा शास्त्रीय व्यवहार मांडण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांपैकी तो एक. १९०७ मध्ये त्यांनी नागपुरातून 'हिंदी केसरी' सुरू केला आणि लोकमान्य टिळकांचा विचार हिंदी प्रांतांत पोहोचू लागला. ऑगस्ट १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. कुटुंबीयांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी माफीपत्रावर सही केली आणि काही महिन्यांत ते सुटले. सुटका झाली, पण मनाला लागलेला डाग पुसला गेला नाही. पुष्कळ चरित्रलेखक हा प्रसंग दोन ओळींत आटोपतात. वास्तविक पुढचे सप्रे त्यातूनच घडले. वर्ध्याजवळील हनुमानगड येथील रामदासी मठात मधुकरी मागत त्यांनी एकान्तवास पत्करला. समर्थांचा 'दासबोध' त्यांनी हिंदीत आणला. पुढे टिळकांचा १९१५ साली प्रसिद्ध झालेला 'गीतारहस्य' आणि चिंतामण विनायक वैद्य यांचे महाभारतावरील विवेचनही त्यांच्याच लेखणीतून हिंदी वाचकांपर्यंत गेले. रायपुरात त्यांनी जानकीदेवी महिला पाठशाळा स्थापन केली, तीही मुलींच्या शिक्षणाला लोक नाके मुरडत त्या काळात.

१९२० मध्ये जबलपूरहून 'कर्मवीर' निघाला, त्यामागेही सप्रे होते. संपादकपदी मात्र त्यांनी माखनलाल चतुर्वेदी यांना बसवले. १९२४ साली देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद या मराठी माणसाकडे आले. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपूर येथे त्यांचे निधन झाले.

त्यांचे सहकारी वामनराव लाखे यांची वाट वेगळी वळली होती. मासिकाचा तोटा अनुभवलेल्या या गृहस्थांनी १९१३ मध्ये रायपुरात सहकारी मध्यवर्ती बँक उभी करण्यात पुढाकार घेतला आणि छत्तीसगडच्या सहकार चळवळीचे ते आद्य प्रवर्तक ठरले. सप्रे यांच्या नावे भोपाळ येथे १९८४ साली वृत्तपत्र संग्रहालय स्थापन झाले असून जुन्या नियतकालिकांचा मोठा संग्रह तेथे जतन केला आहे.