क्रेडिट कार्डाचे खाते आणि मासिक मेळ

सुरतेच्या व्यापाऱ्यास उधारीचा कागद नवा नाही. सतराव्या शतकात ह्याच शहरातील जैन सराफ विरजी व्होरा ह्यांनी ईस्ट इंडिया कंपनीस कर्जे दिली, आणि येथील हुंड्या बऱ्हाणपूर-आग्ऱ्यापर्यंत चालत. आज रिंग रोडवरील कापडाच्या आणि महिधरपुऱ्यातील हिऱ्यांच्या पेढ्यांत चोपड्याशेजारी टॅलीसारखे हिशेबाचे सॉफ्टवेअर आले आहे, आणि किरकोळ खर्चासाठी खिशात क्रेडिट कार्डही आले आहे. साधने बदलली, तरी उधारीचा नियम बदललेला नाही. देणे निर्माण होते ते माल किंवा सेवा घेतली त्या दिवशी. पैसे भरण्याच्या दिवशी ते केवळ फिटते.

हा भेद न पाळल्याने काय घडते, ते आम्ही आमच्याच पेढीवर अनुभवले आहे. खरेदीची बीजके वेळच्या वेळी खर्ची पडत होती. परंतु महिनाअखेर कार्डाचे बिल बँकेतून भरले की तीही रक्कम ‘कार्यालय-खर्च’ म्हणून पुन्हा नावे पडे. वर्षअखेरीस खर्च फुगलेला दिसला आणि कार्ड वापरणाऱ्या तरुण कारकुनाकडे आम्ही संशयाने पाहू लागलो. बारा महिन्यांची विवरणपत्रे नोंदींशी ताडून पाहिली, तेव्हा रुपयान् रुपयाचा हिशेब लागला. चूक हिशेब लिहिण्याच्या रीतीत होती, माणसात नव्हती. आम्ही त्या कारकुनाची क्षमा मागितली. दरमहा मेळ घातला असता, तर ही वेळच आली नसती.

रीत सोपी आहे. प्रत्येक कार्डाचे स्वतंत्र खाते उघडावे आणि त्यास धनको समजावे. टॅलीत हे खाते बँक ओव्हरड्राफ्टच्या गटात ठेवल्यास बँक जुळवणीची सोय त्यासही मिळते. खरेदीच्या दिवशी खर्च किंवा पुरवठादार नावे व कार्ड जमा. बिल भरल्यावर कार्ड नावे व बँक जमा. बिल भरणे हा खर्च नव्हे. मालकाचा घरखर्च कार्डावर पडल्यास तो उचल खात्यास नावे टाकावा; दुकानखर्चात मिसळू नये.

आता मेळ कसा घालावा, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. विवरणपत्र 15 तारखेचे आहे. वहीप्रमाणे कार्डाचे देणे रुपये 84,600, तर बँकेच्या विवरणपत्राप्रमाणे रुपये 76,970. फरक रुपये 7,630. ओळीस ओळ लावून पाहता चार कारणे सापडली.

पहिले : 14 तारखेची रुपये 6,000 ची खरेदी वहीत आली, पण बँकेत पुढील महिन्यात चढणार आहे. ही चूक नव्हे. ती केवळ प्रलंबित नोंद.

दुसरे : बँकेने वार्षिक शुल्क रुपये 500 व त्यावर 18 टक्के जीएसटी रुपये 90, असे रुपये 590 लावले; वहीत ते नाहीत.

तिसरे : रद्द केलेल्या तिकिटाचे रुपये 2,400 परत जमा झाले, वहीत नोंद नाही.

चौथे : एवढे वजा-अधिक करूनही रुपये 180 उरले. उरलेल्या फरकास नवाने भाग गेला, तर आकड्यांची अदलाबदल झाली असावी, हा जुन्या मुनीमांचा ठोकताळा. शोधता पॅकिंग सामानाचे रुपये 3,640 वहीत 3,460 असे पडलेले आढळले.

वहीच्या 84,600 मध्ये 590 व 180 मिळवून 2,400 वजा केले, की 82,970 येतात. विवरणपत्राच्या 76,970 मध्ये प्रलंबित 6,000 मिळवले, तरी 82,970 च येतात. मेळ बसला. फरक ‘किरकोळ’ खात्यात ढकलून मेळ बसवणे म्हणजे मेळ घालणे नव्हे.

ह्या कामात पैशाचाही लाभ आहे. सामान्य कर्जाच्या व्याजावर जीएसटी नाही. क्रेडिट कार्डाच्या व्याजावर मात्र आहे. कार्ड पेढीच्या नावे असून बँकेकडे पेढीचा जीएसटी क्रमांक नोंदलेला असेल, तर व्यवसायासाठी लागलेल्या शुल्कावरील कर वजावटीस पात्र ठरू शकतो. पण बिलाची एकरकमी नोंद केली, तर तो नजरेतून सुटतो. वर्ष संपल्यानंतर पुढील 30 नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरण त्याआधी भरले असल्यास तेथपर्यंतच, हा हक्क राहतो. शिवाय, बिलाची केवळ किमान रक्कम भरून बाकी पुढे ओढली, तर नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतही जाते.

कंपनी म्हणून नोंदलेल्या पेढ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. 1 एप्रिल 2023 पासून सुरू होणाऱ्या वर्षांसाठी, प्रत्येक फेरबदलाचा माग ठेवणारेच सॉफ्टवेअर वापरणे त्यांस बंधनकारक आहे. म्हणून चुकीची नोंद पुसण्याऐवजी दुरुस्तीची नोंद करणे श्रेयस्कर.

आमची व्यापारी बंधूंस विनंती एवढीच, की विवरणपत्र हाती येताच, बिल भरण्यापूर्वी, एक तास ह्या कामास द्यावा. अनोळखी नोंद दिसल्यास त्याच दिवशी बँकेस लेखी कळवावे. दिवाळीस वहीपूजन करताना बाकी बरोबर असावी, ही आपली जुनी शिस्त आहे. कार्डाच्या खात्यासही तीच लागू करावी. त्याने पैसा राखला जातो, आणि आपल्या विश्वासावर काम करणाऱ्या माणसाची अब्रूही राखली जाते.